लाल दोऱ्याचा चष्मा

टेलरबाईंचा सगळा राग चष्म्यावर. इस्त्रीच्या वाफेनं काचा धुरकटायच्या, सुईत दोरा ओवताना चष्मा नाकावरून घसरायचा. एक काडी मोडली तेव्हा त्यांनी तिला लाल दोरा गुंडाळून काम भागवलं होतं. शेवटी एका दुपारी दुकान बंद करून त्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेल्या. बाहेर पाटी होती, 'लेसर ऑपरेशन. पातं नाही, टाका नाही, चष्मा नाही.' कुणालाही मोह पडावा अशीच होती मेली!

आत त्यांना निळी कागदी टोपी घातली, डोळ्यांत थेंब टाकले आणि लेसरच्या खोलीबाहेर बाकावर बसवलं. "चष्मा काढून द्या," एवढं बोलून नर्स कुठेतरी नाहीशी झाली. कुणाकडे द्यायचा, हे सांगायला तिचं काय जात होतं? त्या बाकावर चष्मा काढला की कुणाचंच तोंड ओळखू येत नाही. टेलरबाईंना शेजारी नुसता निळ्या टोपीचा ठिपका दिसला. स्पिरिटचा वास येत होता. बंद दाराआड यंत्र टकटक करत होतं.

ठिपक्यानं हात पुढे केला. नर्सच असणार, असं समजून टेलरबाईंनी चष्मा त्या हातावर ठेवला. हात गारठलेला होता.

"डोळे बरे झाले की पहिल्यांदा कुणाला बघणार?" अगदी हळू आवाज आला.

"लेकीला, दुसऱ्या कुणाला? एकुलती एक आहे."

"मलाही... लेकीलाच बघायचं होतं..."

तेवढ्यात आतून हाक आली.

ऑपरेशन म्हणाल तर काहीच नव्हतं. डोळ्यावर गोल काच टेकली, क्षणभर गुडुप अंधार झाला, मग हिरव्या दिव्याकडे बघत पडून राहायचं. केस जळल्यासारखा वास आला आणि संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले तर काय सांगावं! पडद्याची वीण दिसत होती, समोरच्या गच्चीवरचे कपड्यांचे चिमटे दिसत होते.

"चिंगे, इकडे ये लवकर!"

लेक धावत आली. तिची वेणी दिसली, फ्रॉकचं बटण दिसलं. चेहऱ्याच्या जागी मात्र ओल्या बोटानं पुसल्यासारखा डाग होता.

लेकीला शाळेत पाठवून टेलरबाई तडक दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी तक्ता वाचायला लावला. टेलरबाईंनी तो शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला.

"उत्तम! नजर एक नंबर आहे तुमची."

"अहो, पण पोरीचं तोंड दिसत नाही मला!"

"डोळे कोरडे पडलेत. थेंब घालत राहा, होईल हळूहळू."

टेलरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तक्ता काय कुशीत घेऊन झोपू? माझा जुना चष्मा द्या! तुमच्या या नर्सनं घेतलाय, काल बाकावर माझ्या शेजारी बसून."

नर्स चमकली. "मी बसलेच नव्हते हो. काल बाकावर तुम्ही एकट्याच होतात."

डॉक्टर हसले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. चांगल्या डोळ्यांची बाई अर्धी आंधळी करायची आणि वर तिलाच वेड्यात काढायचं! टेलरबाई रस्ताभर धुमसत घरी आल्या.

संध्याकाळी लेक शाळेतून आली. टेलरबाईंनी तिला जवळ ओढलं. डाग सकाळपेक्षा पसरला होता, आता वेणीही पुसट झाली होती.

"आई, माझ्याकडे अशी रागानं का बघतेस?"

"तुझ्यावर नाही गं राग..."

"ती मावशी छान बघते. शाळेच्या फाटकाशी उभी असते. कालपण होती. तुझाच चष्मा घालते ती, लाल दोऱ्याचा."

टेलरबाईंनी तिचे खांदे धरले. "काय... काय म्हणते ती?"

"काल नुसती बघत होती. आज दारापर्यंत सोडायला आली."

टेलरबाई ताडकन उठून दाराकडे धावल्या. "कोण आहेस गं? समोर ये! हिंमत असेल तर समोर ये, आणि माझ्या पोरीचं तोंड मला परत दे!"

उंबरठा रिकामा होता. त्याच्या लाकडाची रेघन् रेघ त्यांना स्पष्ट दिसत होती.

"आई," मागून लेकीचा आवाज आला, "ही तुला द्यायला सांगितलीय मावशीनं. तिला आता लागत नाही म्हणे..."

टेलरबाई वळल्या. खोलीत कुणीच नव्हतं. फक्त एक निळी कागदी टोपी तेवढी अधांतरी होती, कुणीतरी त्यांच्यापुढे धरल्यासारखी.