बंद पाकिटातले चार मुद्दे

"पाकीट बंद होतं. जोडावर माझी सही जशीच्या तशी आहे. तरी समोरच्या उमेदवारानं, कोंडाजीरावांनी, आज बारा वाजता पौडच्या चौकात माझे चारही मुद्दे वाचून दाखवले. त्याच क्रमानं!"

गौतमीनं पाकीट टेबलावर आपटलं. विधानसभेला उभी राहिलेली ही बाई रडत नव्हती, एवढंच. पाच वाजता पौडला तिची सभा होती. तिथं सगळ्यांसमोर पाकीट फोडून ती जाहीरनामा वाचणार होती. आता तेच वाचलं तर लोक म्हणणार, कोंडाजींचं चोरलं.

सायली धुमाळनं भिंग काढलं. शंभू शेजारी वही घेऊन बसला. दोघांनी रसायनशास्त्रात एम.एस्सी. एकत्र केलं होतं. तिचा पहिला नंबर, त्याचा दुसरा, तीन गुणांनी. आता तपास संस्थेच्या पाटीवर नाव तिचं होतं आणि गाडी शंभूची.

"मुद्दे कोणते?" तिनं विचारलं.

"धंदा: दुकानाचा परवाना सात दिवसांत. निवारा: नेऱ्याकडच्या खोल्यांच्या भाड्याला मर्यादा. खर्च: आमदारनिधीचा पैसा न् पैसा गावोगावच्या फळ्यावर. सुरक्षा: दुसऱ्या पाळीहून येणाऱ्या बायकांसाठी रस्त्यावर दिवे."

"कुणाला माहीत होते?"

"कुणालाच नाही. पहाटे हातानं लिहिले, सातला गोंदाची कांडी फिरवून पाकीट बंद केलं, माजघरातल्या खणात ठेवलं आणि प्रचाराला गेले. कांडी पर्समध्येच राहिली."

सायलीनं पाकिटाची कड उचकटली. कागद सुरकुतला होता, सहीची शाई किंचित फुटली होती. जोडाच्या आत काहीतरी लांबट, पांढरट चिकटलं होतं. दाबून चपटं झालेलं आणि वाळून काचेसारखं कडक.

"वाफेवर उघडलंय," ती म्हणाली. "चला, घरच्यांना भेटू."

अंगणात किशोर, गौतमीचा दीर, पोस्टरांना मैद्याची खळ लावत होता. हात कोपरापर्यंत पांढरे.

"माज्यावर संशय? व्हय, तिकीट मलाच पायजे व्हतं. लई जळलो. पर सकाळपासून हितंच हाय. ही बादली सोडून हललो न्हाई."

"खरंय," मागून निरंजन म्हणाला. हिंजवडीतली नोकरी सोडून आलेला हा प्रचाराचा सल्लागार. त्याच्याही कपाळावर खळ वाळली होती. "मी पण इथंच होतो. मॅडमनी माझा ड्राफ्ट फाडला, राग आहेच. पण घरात पाऊल नाही टाकलं. आज एकादशी, सगळ्यांना उपास. मी बिस्किटांवर जगतोय."

माजघरात उज्वला, गौतमीची थोरली जाऊ, मांडीवरच्या किमयाला मऊ भात भरवत होती. किमया दोन वर्षांची, गौतमीची लेक. शेजारी वाटीएवढं पातेलं. पाहुण्यांना मात्र भगर आणि दाण्याची आमटी आली.

"पोर सांभाळायची सवय आहे तुम्हाला," शंभू घास घेत म्हणाला.

"सवय कसली? आई म्हनून मलाच हाक मारतीया. नऊला मी शिजिवते, मीच भरवते. भाताला दुसऱ्या कुनाचा हात लागू देत न्हाई मी."

"खणाकडं कोण आलं होतं?"

"मी कशाला बघू? मोठ्या लोकांची मोठी पाकिटं."

गौतमीसह तिघं ओटीवर आले. शंभूनं घाई केली. एकदा तरी आधी बोलायचं होतं त्याला. "जोडातला दाणा भगरीचा! भगर सगळ्यांनीच खाल्लीय. म्हणजे कुणीही."

"भगर बारीक आणि गोल असते, शंभू. आत्ता तुझ्याच ताटात होती. हा दाणा लांबट आहे. भाताचं शीत."

शंभूचे कान तापले.

सायलीनं सगळ्यांना आत बोलावलं. "वाफेनं गोंद गेला. परत चिकटवायला कांडी नव्हती. किशोर किंवा निरंजन असते तर बादलीभर खळ हाताशी होती. शीत कोण शोधेल? तर जिच्या हातात शीतच आहे आणि खळ मागायला अंगणात जाता येत नाही, ती. चिकट इंद्रायणीची दोन शितं बोटानं घासायची, इथल्या कुठल्याही घरात पाकीट असंच लावतात. पण आज एकादशी. घरात भात फक्त वाटीभर, आणि त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही."

उज्वलानं किमयाला घट्ट धरलं.

"अक्का?" गौतमी पुटपुटली. "का?"

उत्तर शंभूकडून आलं. "गावात शिरताना एक जुना फळा दिसला. खर्चाचे रकाने, वर पुसट अक्षरं: सरपंच, उज्वला. तिसरा मुद्दा यांनी कधीच करून दाखवला होता." तो थांबला. "बाकीचेही यांचेच असणार."

सायलीनं चमकून त्याच्याकडं पाहिलं. हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"धा वर्सं," उज्वला म्हणाली. "दुसऱ्या पाळीच्या पोरींसंगं मी रातचं चालत गेलेय, दिवे कुटं न्हाईत ते मोजलेत. सगळं हिला सांगितलं, जेवताना. तिकीट हिला, का तर ही शिकल्याली. बरं. पाकिटाखालून वाफ गेली तवा वाटलं, एका तरी वळीत माजं नाव आसंल. चार पानं चाळली. कुटंच न्हाई. मग फोटू काढला आन् दिला कोंडाजीला. हिच्या तोंडून ऐकण्यापरीस दुश्मनाच्या तोंडून बरं."

किमयानं भाताचा हात उज्वलाच्या पदराला पुसला. गौतमीनं लेकीसाठी हात पुढं केले. लेक गेली नाही.

पाच वाजता पौडला मैदान भरलं होतं. कोंडाजीची माणसं मागं उभी राहून हसत होती. गौतमीनं माइक घेतला.

"दुपारी तुम्ही ऐकलेले मुद्दे कोंडाजीरावांचे नाहीत. माझेही नाहीत. ते कुणाचे, हे मी लिहायला हवं होतं. लिहिलं नाही." तिनं वळून हाक मारली. "अक्का, तुम्हीच सांगा."

किमयाला कडेवर घेऊन उज्वला पुढं आली. कागद नव्हता तिच्याजवळ. कोणत्या वळणावरचा दिवा गेलाय, इथपासून तिनं सुरुवात केली. मागची माणसं हसायची थांबली. बायका उभ्या राहिल्या, आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला, जो गौतमीच्या एकाही सभेत झाला नव्हता.

"जिंकली बघ गौतमी," सायली कुजबुजली.

शंभू व्यासपीठाकडं बघत होता. गौतमीही टाळ्या वाजवत होती, चेहरा हसरा. डोळे मात्र जावेच्या माइकवर खिळलेले.

ती दुसऱ्या नंबराची नजर शंभूनं लगेच ओळखली. तिच्यासाठी त्याला भिंग लागलं नाही.