उरलेले तीन शब्द

सहा शब्द सावकाश म्हणायचे, पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलायचं, मग तेच शब्द परत विचारायचे. शेळी, दोरी, घंटा, माठ, खिडकी, चंदन. शिरूर कासारला भाड्याच्या खोलीत माझं हे स्मरणशक्ती तपासायचं काम चालायचं. एचआयव्हीमुळे मेंदूत सूज राहते. अंगदुखीवर घेतल्या जाणाऱ्या अफूच्या जातीतल्या गोळ्या ती आणखी वाढवतात. ऊसतोडीहून परतलेल्या काही जणांत दोन्ही सापडत होतं.

तुळजाबाई त्यातलीच. नवरा, अभिमन्यू, दिवाळीतच वारला होता. तरी तिनं हंगाम पुरा केला होता, रोज सहा गोळ्यांवर.

"शेळी, दोरी, घंटा," ती म्हणाली आणि थांबली.

"अजून तीन होते."

"ते त्येंचे. आमी एक कोयता हाय न्हवं?"

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तो तोडतो, ती मोळ्या बांधते.

"ते तर वारले ना?"

"गोळी घेतली का येत्यात. मग उसाचा फड काय म्या यकटीनं तोडला? शिकलेल्या तुमी, इतकं बी कळंना?"

मी नोंदीत 'भास' असं लिहिलं. डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी करायचं ठरवलं. नाहीतर ती पुढचा हंगाम बघणार नव्हती. तिनं माझा हात धरला.

"बंद नका करू, ताई. त्येंनी कुठं जावं?"

दोन महिन्यांनी ती आली. हात स्थिर. सहाही शब्द एका दमात.

"आणि अभिमन्यू?"

"आता न्हाई येत." ती माझ्या खुर्चीमागं बघत होती. "तुमी गावोगाव यकट्याच फिरता का?"

"हो. का?"

"काई न्हाई. इचारलं."

आठवड्यानं मी चकलांब्याला गेले. समोर हरिबा होता, म्हातारा. त्याची ही पहिलीच तपासणी. यादी मला तोंडपाठ होती, कागद बॅगेतच होता.

"शेळी. दोरी. घंटा."

चौथा शब्द आठवेना.

पाठीमागून ताज्या तोडलेल्या उसाचा वास आला. जून लागला होता. कारखाने कधीच बंद झाले होते.

हरिबा माझ्या खांद्यावरून मागं बघत मान डोलवत होता.

मागं भिंत होती.

पाच मिनिटांनी मी हरिबाला कसंबसं शब्द विचारले.

"शेळी, दोरी, घंटा. माठ, खिडकी, चंदन."

मी कागद काढून बघितला. बरोबर होते, मी न म्हटलेले तीनही.

"शेवटचे तीन लई बारीक आले, बाई," हरिबा म्हणाला. "तुमच्या मालकाचा आवाज बसलाय. एखादी गोळी द्या की त्येंला."