मेणबत्त्यांच्या पलीकडे

"सर, मान थोडी डावीकडे... अहो, माझ्या डावीकडे नाही, तुमच्या!"

कॅमेऱ्यामागून स्नेहल हे बोलली खरी, पण आपण काय बोलतोय याकडे तिचं लक्ष नव्हतं. स्टुलावर बसलेला तो तरुण पाच मिनिटांपूर्वी गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बसस्टँडवरून रस्ता ओलांडून जागेश्वरभाऊंच्या फोटो स्टुडिओत शिरला होता. पासपोर्ट साईज, आठ कॉपी, एवढंच म्हणाला. अंगात निळ्या चौकडीचा शर्ट, कॉलर एका बाजूने वर राहिलेली, उन्हातून आल्यामुळे डोळे किलकिले. त्याला पाहिलं आणि स्नेहलच्या हातातलं लेन्सचं झाकण सुटून घरंगळत थेट त्याच्या चपलेपाशी गेलं.

कारण हा चेहरा तिच्या ओळखीचा होता. गेले दोन महिने ती रोज दुपारी त्याच्याशी लग्न करत होती!

आता यात तिचा काही दोष नव्हता. दोन हजार सहा साल होतं, आणि लोडशेडिंगने सगळ्या जिल्ह्याला दुपारी आडवं व्हायची सवय लावली होती. लाईट गेली की जागेश्वरभाऊ घरी जेवायला जायचे आणि स्नेहल आतल्या खोलीत, फोटोसाठी लावलेल्या निळ्या पडद्याखाली चटई टाकून पडायची. डोळा लागला रे लागला की तेच स्वप्न. सारवलेलं अंगण. नाकात झोंबणारा, वाळत्या मिरच्यांचा वास. पांढऱ्या कपड्यांतली माणसं दाटीवाटीने बसलेली, भंतेजींच्या मागोमाग संथ सुरात त्रिशरण म्हणणारी. तिच्या अंगावर पांढरी साडी. बाजूच्या कुणा बाईने तिचा हात घट्ट धरलेला. आणि समोर, मेणबत्त्यांच्या रांगेपलीकडे... तो. तिच्याकडे पाहून हसणारा. त्याच्या कपाळावर एक इवलीशी ज्योत थरथरत असायची.

पांढरी साडी, मेणबत्त्या, त्रिशरण. बौद्धाच्या घरातल्या मुलीला याचा अर्थ काय सांगायचा? तिच्या सगळ्या मैत्रिणींची लग्नं अशीच लागली होती. घरी मात्र हे बोलायची सोय नव्हती. तिच्या गावी, फुलचूरला, तिचे बाबा, केवळराम, विहाराच्या समितीत होते. स्वप्न, शकुन, भूतखेत असले शब्द त्यांच्या घरात चपलांसारखे दाराबाहेर काढून ठेवावे लागत. "सपन म्हंजे वांग्याच्या भाजीचा गॅस," असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून स्नेहलने तो गॅस मनातच ठेवला होता.

आणि आज तो गॅस स्टुलावर येऊन बसला होता.

"मॅडम, घाबरल्या काऊन?" झाकण उचलून देत त्याने विचारलं.

"मी कायले घाबरू? तुम्हीच असे बसून राहिले, जसं सुई टोचायला आणलं!"

तो हसला. तिने बटण दाबलं.

रोलमध्ये शेवटचा एक फोटो उरला होता. रोल संपल्याशिवाय गोंदियाच्या लॅबमध्ये धुवायला द्यायचा नाही, आणि उरलेली जागा वाया जाऊ द्यायची नाही, ही जागेश्वरभाऊंची रीत. हाताशी जो असेल त्याला ते स्टुलावर बसवायचे. "बस व पोरी, तुझाच काढतो," असं म्हणून त्यांनी कॅमेरा हातात घेतला. हिरव्या ड्रेसची ओढणी सारखी करत स्नेहल निळ्या पडद्यापुढे बसली.

"मान थोडी डावीकडे," भाऊंच्या मागून तो गंभीरपणे म्हणाला. "माझ्या नाही हां, तुमच्या!"

ती खुदकन हसली, आणि फ्लॅश चमकला.

त्याचं नाव रत्नपाल. गाव केशोरी, तिकडे अर्जुनीच्या पलीकडे. गोरेगावजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत तो नुकताच शिक्षणसेवक म्हणून लागला होता आणि भाड्याच्या खोलीत राहत होता. दुसऱ्या दिवशी तो फोटो घ्यायला आला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, दोन कॉपी कमी पडल्या. पुढच्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी, कॉपी जास्त झाल्या, परत घेता का, असं विचारायला आला.

"परत घेत नाही आम्ही," स्नेहल म्हणाली. "घरी चिकटवा. आरशाची गरज नाही पडणार."

"त्यापेक्षा तुम्हीच ठेवा ना एक..."

"मी काय करू?"

"उंदीर घाबरतील."

असं हसता हसता फाल्गुन सरला. मोहाची फुलं गळू लागली. सकाळच्या एसटीच्या खिडकीतून तो गोडसर, जड वास आत यायचा आणि स्नेहलला उगीचच हसू फुटायचं. ‘मॅडम’ची ‘स्नेहल’ झाली, ‘तुम्ही’ची ‘तू’ झाली. ती मात्र त्याला ‘सर’च म्हणायची, कारण त्या शब्दावर तो लाजायचा.

स्वप्नाचं तिने त्याला काही सांगितलं नव्हतं. ते त्यानेच काढलं.

त्या दिवशी दुपारीच आभाळ भरून आलं. अवकाळी पाऊस पत्र्यावर ताडताड वाजू लागला, लाईट गेली. जागेश्वरभाऊ घरी जेवायला गेले होते ते तिकडेच अडकले. टेबलावर मेणबत्ती लावून स्नेहल कोपऱ्यातल्या फ्रेमा पुसत होती, तेवढ्यात रत्नपाल ओलाचिंब होऊन दारात आला. केसांतून पाणी निथळत होतं. तिने आपली ओढणी पुढे केली आणि मग काय केलं ते लक्षात येऊन कानापर्यंत लाल झाली.

"एक सांगू?" ओढणीत तोंड पुसत तो म्हणाला. "हसणार नाहीस?"

"सांगा तर..."

"तुले मी या दुकानात यायच्या आधीच पाहिलं होतं. सपनात. सुटीच्या दिवशी दुपारी लाईट गेली का तेच सपन. आमच्या केशोरीच्या अंगणात... आपलं लगन होऊन राहिलं आहे."

स्नेहलने हातातली फ्रेम खाली ठेवली. "पांढरे कपडे?"

"हो."

"मिरच्यांचा वास?"

तो बघतच राहिला. "तुले कसं माहीत?"

"अन् बाजूला एक बाई हात धरून बसते. तिचं तोंड दिसत नाही, पण हात असा गरम की चरचरते."

"ते माझी माय," तो हळूच म्हणाला. "मिरच्या खुडते ना ते, तिच्या हाताची आग उतरतच नाही. पण हात त ते माझा धरते, स्नेहल..."

दोघं हसले. भीती आणि आनंद यांची अशी गंमतशीर सरमिसळ झाली होती की हसण्यावाचून दुसरं सुचत नव्हतं. एकच स्वप्न, दोन माणसांना! आपली गाठ कुठेतरी आधीच पडली आहे, इथे नुसती पोच मिळायची राहिली आहे, असं स्नेहलला वाटलं. तिचे डोळे भरून आले.

"तुम्ही पण ना, सर... तिथे एक शब्द बोलत नाही. नुसते हसता."

"तू तरी कुठं बोलते? डोळे बी मिचकावत नाहीस. अन् तुझ्या कपाळावर..."

"ज्योत," ती म्हणाली. "तुमच्या पण."

बोलता बोलता तिची नजर टेबलावर गेली आणि तिथेच थबकली. एका गेलेल्या म्हाताऱ्याचा पासपोर्ट फोटो मोठा करून, काच लावून ठेवला होता. त्याची मुलं संध्याकाळी न्यायला येणार होती. मेणबत्ती त्याच्या समोरच जळत होती. आणि काचेवर, म्हाताऱ्याच्या बरोबर कपाळावर, एक इवलीशी ज्योत थरथरत होती.

पाऊस वाजतच होता. स्नेहल सावकाश त्याच्याकडे वळली.

"मी... तुमच्या सपनात काय घालून असते?"

"हिरवा ड्रेस. मागं निळा पड..." तो थांबला. त्याची मान सावकाश आतल्या खोलीकडे वळली. निळा पडदा वाऱ्याने हलत होता.

"तुम्ही निळ्या चौकडीच्या शर्टात असता," ती पुटपुटली. "लग्नात चौकडीचा शर्ट कोण घालते, रत्नपाल?"

तिने त्याला नावाने हाक मारली ती अशी, पहिल्यांदा.

पांढरे कपडे, मेणबत्त्या, त्रिशरण. माणूस गेल्यावर पुण्यानुमोदनालाही हेच सगळं असतं. लहानपणापासून दोन्ही कार्यक्रम तिने सारखेच पाहिले होते. पण बावीस वर्षांच्या मुलीला पांढऱ्या साडीत आधी लग्नच दिसणार ना! तिच्या स्वप्नात रत्नपाल समोर बसलेला नव्हताच. समोर त्याचा फोटो होता. आणि त्याच्या स्वप्नात तिचा. एकाच रोलवरचे, एकमेकांना लागून असलेले दोन फोटो.

"म्हणजे एका दुनियेत तुम्ही गेले अन् मी उरले..."

"अन् दुसरीत मी." त्याचा आवाज खोल गेला होता. "मागं बाया कुजबुजतात. लगनाले वर्ष बी नाही झालं म्हणतात. मले वाटे, दुसऱ्या कोणाचं बोलून राहिल्या..."

मग त्याने विचारलं, "आपण लगन केलंच नाही त?"

पाऊस थांबला तसा तो निघाला. ओढणी घडी करून त्याने टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे न पाहता म्हणाला, "तू जगली पाहिजेस, स्नेहल. बाकी मले काही नाही लागत."

त्यानंतर तो आला नाही. बाजाराच्या दिवशीही नाही. कुणी दार ढकललं की स्नेहलची मान वर व्हायची आणि पुन्हा खाली जायची. आणि दुपारी लाईट गेली की तिकडे, स्वप्नातल्या अंगणात, रडणं ठरलेलं. तिकडे तो नव्हता म्हणून, आणि जागं झाल्यावर इकडे असूनही नव्हता म्हणून. असा दुहेरी शोक कुणाच्या वाट्याला आला असेल? तिला त्याचा राग आला, स्वतःचा आला, लोडशेडिंगचा तर आलाच आला.

एका दुपारी तिने ठरवलं. आज तिकडे नुसतं बसायचं नाही.

डोळा लागला. अंगण आलं, वास आला, त्रिशरण सुरू झालं. हात चरचरू लागला. स्नेहलने सगळा जीव एकवटून समोरच्या फोटोवरून नजर काढली आणि बाजूला वळली. मान वळताना पाण्याखाली असल्यासारखी जड लागत होती. बाजूची बाई बारीक चणीची होती, डोळे सुजलेले.

"माय," स्नेहल म्हणाली, "मी या घरात आलीच नसती, तर तो असता ना व?"

एकदम सगळे आवाज बंद झाले. अंगणातली एकूण एक मान तिच्याकडे वळली. बाईने तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, आणि तिचे डोळे हळूहळू मोठे झाले.

"तू आमची नोहोस," ती म्हणाली. "आमची स्नेहल बोलत नाही. तो गेल्यापासून एक शबद नाही बोलली. तू... तिकडची आहेस ना? तिकडं तो आहे? जित्ता?"

स्नेहलने मान हलवली.

"मंग येथी काय करून राहिली व!" बाईने तिचा हात झिडकारला, आणि दोन्ही हातांनी तिला ढकललं. "तो तिकडं जित्ता आहे अन् तू येथी बसून रडून राहिली? जाय! ऊठ, जाय त्याच्याकडं!"

स्नेहल चटईवर उठून बसली तेव्हा घामाने भिजली होती. दोन्ही खांदे चुरचुरत होते. तिने दुकानाला कुलूप लावलं, किल्ली शेजारच्या पानठेल्यावर दिली आणि मिळेल त्या गाडीने शाळेच्या गावाला गेली.

शाळा नुकतीच सुटली होती. व्हरांड्यात रत्नपाल एकटाच खडूचे हात झटकत उभा होता. तिला पाहून त्याचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. तिने सगळं सांगितलं. सांगताना श्वास पुरत नव्हता.

"अन् खरंच झालं त?" तो कळवळून म्हणाला. "तू गेलीस त? मी कसा..."

"मग रडा. मी उरले तर मी रडीन. तिथे रडूनच राहिले ना मी रोज? एक दिवस तुमच्यासोबत राहिले नाही, एक कप चहा करून दिला नाही, तरी तुमच्यासाठी रडते! हा कुठला न्याय, सर? रडायचंच आहे तर आधी तुमच्याशी भांडून घेईन, हसून घेईन, तुमच्या त्या मिरच्या खाऊन ठसकून घेईन..." तिचा आवाज फुटला. "मला भीती वाटते. खूप वाटते. पण तुम्ही नसताना जास्त वाटते."

रत्नपालने तिचा हात धरला. खडूने तिचा तळवा पांढरा झाला. तो सोडायला तयार नव्हता, आणि तिलाही सोडवून घ्यायचा नव्हता.

रविवारी दोघं गोंदियाहून गाडीने अर्जुनीला उतरले, आणि तिथून काळीपिवळी जीपमध्ये कोंबून केशोरीला गेले. "मायले सपनाचं काही सांगू नोको," रत्नपालने रस्ताभर बजावलं होतं. "साधी बाई आहे. जीवाले लावून घेईल. आपण नुसतं लगनाचं बोलू."

वळण घेतलं आणि ते अंगण आलं. पण आज तिथे माणसं नव्हती, नुसत्या मिरच्या होत्या. अंगणभर, लालभडक, उन्हात तापलेल्या. त्यांच्या मधोमध बसून नीलाबाई, रत्नपालची आई, देठं खुडत होती. तिने वर पाहिलं. बारीक चणीची, तीच.

"माय," रत्नपाल घसा खाकरत म्हणाला, "हे स्नेहल..."

नीलाबाई उठली. कोण, कुठली, कुणाची, तिने काही विचारलं नाही. जवळ येऊन एका हाताने लेकाचा गाल चाचपला, दुसऱ्याने स्नेहलचा. मिरचीच्या हातांनी दोघांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिच्या स्वतःच्याही आलं, आणि तिने तर डोळ्यांना हात लावला नव्हता. मग दोघांच्या दंडांना धरून तिने त्यांना बाजेवर एकमेकांशेजारी बसवलं, आणि आपण समोर भुईवर बसली.

"माय, काय करून राहिली? चाय त मांड..."

"थांब गा," नीलाबाई म्हणाली. तिची नजर दोघांवरून हटत नव्हती. "सपनात एक डाव तुले एकट्याले पाह्यलं, एक डाव हिले एकटीले. आता दोघायले संगं पाहू दे."