उत्पन्नात वाढ

“तुमचं नुकसान झालेलं नाही,” काचेपलीकडचा माणूस म्हणाला. “उलट... उत्पन्नात वाढ दिसतेय.”

मी तीन तास रांगेत होते. जमिनीवर रंगवलेल्या पिवळ्या गोलांतून एकेक गोल पुढे सरकत खिडकी क्रमांक चारपर्यंत पोचले होते. साथीमुळे बाजार बंद होऊन तीन महिने झाले होते. ज्यांची कमाई बुडाली त्यांना सरकार भरपाई देणार, असं जाहीर झालं होतं, म्हणून मी आले होते. आणि हा मला वाढ सांगत होता!

“किती वाढ?”

“साडेअठ्ठावीस टक्के.”

“अरे वा. मग सत्कार कधी करताय?”

बोलण्यासाठी काचेला नऊ भोकं पाडलेली होती. त्यांतून गेलेला माझा आवाज सगळ्या हॉलमध्ये घुमला. मागचे दोघं-तिघं हसले. त्याच्या तोंडावर निळा मास्क होता, त्यामुळे तो हसला की नाही ते कळलं नाही. पण डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या पडल्या. त्या मला दिसल्या, आणि मला त्यांचाही राग आला.

“हे बघा,” मी कागद काचेला चिकटवला. “आमचं दुकान वजनकाट्यांचं. काटे दुरुस्त करायचे, तपासायचे, शिक्का मारून द्यायचा. कायद्याने प्रत्येक काटा दोन वर्षांतून एकदा तपासावा लागतो. आमचा भाजीबाजार सुरू झाला तोच एका दिवशी, त्यामुळे तिथले सगळे काटे एकाच वर्षी तपासणीला येतात. एक वर्ष मान वर करायला फुरसत नाही, पुढचं वर्ष माश्या मारायच्या. गेलं वर्ष माश्यांचं होतं. या तीन महिन्यांत सात काटे आले. यंदा एकशे बारा यायचे होते. आले नऊ, तेही दवाखान्यांचे.”

“नऊ म्हणजे सातपेक्षा जास्त,” तो हळूच म्हणाला.

“गणितात पहिला नंबर यायचा का तुमचा?”

“सूत्र असं आहे, मॅडम. गेल्या वर्षीचे तेच तीन महिने घ्यायचे, त्यातून यंदाचे वजा करायचे. उरेल ते नुकसान.”

“कुठल्या गाढवाने लिहिलंय हे सूत्र?”

त्याने चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला.

“बुधवारी या,” तो म्हणाला. “बुधवारी गर्दी कमी असते. मी... बघतो.”

घरी आल्यावर मी बाबांना सांगितलं, की सरकारच्या मते आपण श्रीमंत झालोय.

“मग आज बाहेर जेवू या,” बाबा म्हणाले.

“सगळं बंद आहे, बाबा.”

“म्हणून तर म्हणतोय. परवडेल.”

ते हसत होते, पण हात समोरच्या पेटीवरून फिरत होता. आमच्या मानक वजनांची पेटी. आत हिरव्या मखमलीच्या खाचांत एक ग्रॅमपासून दोन किलोपर्यंतची पितळी वजनं. बाबा त्यांना कधी उघड्या हाताने शिवत नाहीत. बोटाचा घाम लागला तरी वजन बदलतं. दुसऱ्यांचे काटे या वजनांवर तपासायचे, आणि ही वजनं स्वतः सरकारी प्रयोगशाळेत तपासून आणायची. त्या तपासणीची मुदत पुढच्या महिन्याच्या तीस तारखेला संपत होती. त्याची फी आमच्याकडे नव्हती. तारीख चुकली की परवाना रद्द. नवा परवाना बाबांना वयामुळे मिळणार नाही, आणि मला पाच वर्षांचा अनुभव हवा. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन मी दुकानात बसले त्याला दोनच वर्षं झाली होती.

म्हणजे तीस तारखेपर्यंत भरपाई मिळाली तर दुकान. नाही तर चौतीस वर्षांची पाटी उतरवायची. तेही ‘उत्पन्नात वाढ’ झाली म्हणून!

बुधवारी गेले. त्याने खिडकीखालच्या फटीतून एक फॉर्म सरकवला आणि काचेजवळ तोंड आणून कुजबुजला, “एक वाट आहे. नवा व्यवसाय म्हणून अर्ज करा. नव्या व्यवसायाला मागचं वर्षच नसतं, त्यामुळे तुलना होत नाही. ठोक रक्कम मिळते. कुणी तपासत नाही.”

मी फॉर्मकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

“म्हणजे माझ्या वडिलांची चौतीस वर्षं पुसून टाकू?”

“कागदावर फक्त...”

“आम्ही कागदावरच जगतो हो. आमचा शिक्का म्हणजे कागदच. ज्या घरात पाच ग्रॅमने खोटा काटा पास होत नाही, तिथे तुम्ही मला आख्खं दुकान खोटं लिहायला सांगताय? तुमच्या त्या गाढवाचं सूत्र चुकलंय ना? मग सूत्र बदला. मला कशाला वाकवताय?”

मागे उभ्या आजोबांनी चक्क टाळी वाजवली. तो मात्र माझ्याकडे बघत राहिला. चष्म्यामागे डोळे तपकिरी, डाव्या भुवईत एक तुटक जागा... हे मला का दिसत होतं, कुणास ठाऊक. भांडताना माणूस समोरच्याला फार बारकाईने बघतो.

“बरोबर आहे तुमचं,” तो शेवटी म्हणाला. फॉर्म परत ओढून घेतला आणि फाडला. “मग हरकत अर्ज करू. सुनावणी मिळते. पण त्यात ‘माझ्यावर अन्याय झाला’ लिहून चालत नाही. सूत्रात चूक कुठे आहे ते दाखवावं लागतं. येतं तुम्हाला?”

“तुम्हाला येतं का?”

“थोडंफार,” तो म्हणाला.

त्यानंतरचे चार बुधवार आम्ही त्या काचेच्या दोन बाजूंना बसून अर्ज लिहिला. मी पान सरकवायची, तो पेन्सिलीने खुणा करून परत सरकवायचा. समासात त्याचं बारीक, सरळ अक्षर... ‘हे विशेषण काढा. आकडा लिहा.’ ‘इथे राग दिसतोय. खरा आहे, पण पान तीनवर ठेवा.’ एकदा नुसतंच, ‘जेवलात का?’

मी त्याच्याखाली लिहिलं, ‘उत्पन्न वाढलंय, दोन वेळा जेवते.’

काचेपलीकडे खांदे हलले.

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. घरी बाबांपाशी ‘चार नंबर’ म्हणायची. बाबा म्हणाले, “हल्ली चार नंबर फार येतो बोलण्यात.”

“कामाचं बोलतेय मी.”

“मी कुठे काय म्हणालो?”

तिसऱ्या बुधवारी मी फार चिडलेली होते. बाजारावरून चालत आले होते. आमच्या एकशे बारापैकी एकेचाळीस गाळ्यांवर ‘भाड्याने देणे आहे’च्या पाट्या लागल्या होत्या. मी एकेक मोजल्या होत्या.

“तो सूत्र लिहिणारा आहे ना,” मी म्हणाले, “त्याला एकदा तिथे नेऊन उभा करायला पाहिजे. हा एसी खोलीत बसला असेल, कॉफी पीत...”

“एसी नव्हता. पंखा होता,” तो म्हणाला. मग घाईने, “म्हणजे... असेल. आमच्या ऑफिसात एसी कुठाय?”

“तुम्हाला फार पुळका त्याचा.”

“नाही,” तो म्हणाला. पेन्सिलीचं टोक कागदावर दाबून तुटलं. “मुळीच नाही.”

सुनावणी चोवीस तारखेला होती. दुसरा मजला, लांब टेबल, उघड्या खिडक्या. टेबलाच्या डोक्याशी विभागाच्या मोठ्या मॅडम. त्यांच्या डाव्या हाताला, फाइल घेऊन, चार नंबर. पहिल्यांदाच आमच्यामध्ये काच नव्हती. तो माझ्या अंदाजापेक्षा उंच होता. याचाही मला उगाच राग आला.

मी अर्ज वाचला. मोठ्या मॅडमनी घड्याळ पाहिलं.

“काम बुडालं कुठे? पुढे ढकललं गेलं. काट्यांची मुदत आम्ही वाढवून दिलीय. बाजार उघडला की येतीलच सगळे.”

“एकेचाळीस येणार नाहीत, मॅडम. त्यांची दुकानं गेली. आणि उरलेल्यांची मुदत वाढवलीत, छान केलंत. पोटाची मुदत कशी वाढवायची, त्याचं परिपत्रक कधी निघणार?”

“नीट बोला.”

“नीटच बोलतेय. हा आकडा नीट नाही.”

“सूत्र तज्ज्ञांनी बनवलेलं आहे. एका दुकानासाठी...”

“सूत्र चुकलेलं आहे,” कुणीतरी म्हणालं.

चार नंबर उभा राहिला होता. त्याने मास्क काढला. आवाज नीट ऐकू जावा म्हणून असेल, किंवा लपायचं नव्हतं म्हणून. हनुवटीवर दाढी करताना कापल्याची ताजी खूण होती.

“तज्ज्ञ वगैरे कुणी नव्हतं, मॅडम. मी होतो. चार दिवसांत लिहून द्यायला सांगितलं होतं, दिलं. माझी आई पगारदार, वडील पगारदार, मी पगारदार. गेल्या वर्षीचा मार्च आणि यंदाचा मार्च आमच्या घरी सारखाच असतो. सगळ्यांच्या घरी तसंच असेल, असं मी धरून चाललो. काही कामं वर्षाआड येतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही. यांनी दाखवून दिलं. माझी चूक मी लेखी देतोय.”

त्याने फाइलमधून एक कागद काढून पुढे ठेवला. तेच बारीक, सरळ अक्षर.

मी त्याच्याकडे बघत बसले. कान तापले होते. सहा आठवडे! सहा आठवडे मी त्याच्या तोंडावर त्यालाच गाढव म्हणत होते, आणि तो पेन्सिल तासत ऐकत होता.

मोठ्या मॅडमनी तो कागद वाचला. मग त्याला म्हणाल्या, “तुमचं आपण नंतर बघू.” आणि माझ्या अर्जावर लिहिलं – दोन वर्षांची सरासरी धरावी.

मी मनातल्या मनात हिशेब केला. सात आणि एकशे बारा, भागिले दोन. त्यातून नऊ वजा. साडेपन्नास काटे. बुडाले होते एकशे तीन.

प्रयोगशाळेची फी भरण्याइतकं होतं. न्याय म्हणण्याइतकं नव्हतं.

तो जिन्यात मला गाठायला धावत आला.

“ऐका ना...”

“काय ऐकू? सहा आठवडे गंमत बघत होतास?”

“गंमत नाही. मी मुद्दाम खिडकी मागून घेतली होती. सूत्र कुठे चुकतं ते वर बसून दिसत नाही, म्हणून. मग पहिल्याच आठवड्यात तुम्ही आलात...”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या खिडकीत गेला असता.”

“जायलाच हवं होतं!”

“हो,” तो म्हणाला. “मला बुधवारची सवय झाली होती. हेही लेखी देऊ का?”

मी जिना उतरायला लागले. कारण तिथे थांबले असते तर हसले असते, आणि मला हसायचं नव्हतं.

“अर्धंच मिळालंय!” खालून ओरडले. “अर्ध्यासाठी माफी अर्धीच!”

“कुठली अर्धी?” वरून आवाज आला.

अठ्ठावीसला पैसे जमा झाले. एकोणतीसला बाबा आणि मी पेटी मांडीवर घेऊन प्रयोगशाळेत गेलो. पाटी राहिली. बाबांनी परत आल्यावर ती ओल्या फडक्याने पुसली, आणि म्हणाले, “चार नंबरला मेमो मिळाला म्हणे. खिडकीवरून काढलं त्याला.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“आला होता दुकानात. बाजार रविवारी उघडतोय, वजनं उचलायला माणूस लागेल का, विचारत होता. मी म्हटलं, मालकिणीला विचारा.”

रविवारी तो खरंच आला. पाठीला मोठी सॅक, हातात काही नाही. मी वीस किलोची दोन लोखंडी वजनं दाखवली. त्याने दोन्ही उचलली आणि दहा पावलांत लाल झाला.

“जड आहेत,” तो म्हणाला.

“वीस-वीस किलो. तपासलेली.”

पेटी मी घेतली. पहिल्या गाळ्यापाशी मी ती उघडली, तसा त्याने कुतूहलाने एका चकचकीत वजनाकडे हात नेला. मी त्यावर फटकन मारलं.

“उघडा हात लावायचा नाही! घामाने वजन बदलतं.”

“किती?”

“थोडंसं. पण बदलतं.”

तो आपल्या हाताकडे बघत राहिला, जिथे माझी बोटं लागली होती. “हो,” तो म्हणाला. “मलाही तसंच वाटतंय.”

“फाजीलपणा नको. वजन लाव.”

दुपारपर्यंत चौदा काटे झाले. मधूनमधून बंद शटरं येत होती. कागदी पाट्यांची टोकं वाऱ्याने उडत होती. प्रत्येक शटरपाशी माझा आवाज आपोआप चढायचा. हा लिंबं विकायचा. ही बाई अंडी. या दोघा भावांनी काटा नवाच घेतला होता, हप्त्याने. “यांनी कुणी हरकत घेतली नाही,” मी म्हणाले. “यांना सांगितलं, तुमचा अर्ज नियमात बसत नाही, आणि ते मुकाट्याने घरी गेले. माझं डोकं फिरतं नुसतं विचार करून. मी यायच्या आधी किती जणांना परत पाठवलंत?”

त्याने वजनं खाली ठेवली. पाठीवरची सॅक उतरवली, चेन उघडली. आत कागदांचा गठ्ठा होता.

“या बाजारातले एकेचाळीस,” तो म्हणाला. “हरकत अर्ज. प्रत्येकाच्या बाबतीत सूत्र कुठे चुकतं ते मी भरून ठेवलंय. त्यांचे आकडे तेवढे त्यांना विचारून लिहायचे. पत्ते तुम्हाला माहीत असतील. मेमो एकदा मिळालाच आहे... आणि एक सांगायचं होतं. खिडकीत नसलो तरी मला तुम्ही हव्या आहात. चिडलेल्या असलात तरी चालेल. चिडलेल्याच असाल, मला माहीत आहे.”

लिंबंवाल्याच्या शटरवर ऊन पडलं होतं. मी वरचा कागद उचलला. पान तीनवर, बरोबर जिथे राग ठेवायचा तिथे, त्याने जागा कोरी सोडली होती.

“ही कशाला सोडलीस?”

“ते मला तुमच्याइतकं जमत नाही.”

मी पेन काढलं. पेटी त्याच्या हातात दिली, आणि हातमोजेही.

“घाल,” मी म्हणाले. “आणि सांभाळून चाल. लिंबंवाला मागच्या गल्लीत राहतो.”