वसाहतीतला एकच नारळ

"एक कोडं सुटत नाहीये," खटपट्या म्हणाला. "मेथी पिकवतात त्या घुमटाला भोक पडलं, तेव्हा आत दोन मुली होत्या. दोघींच्या मनगटपट्ट्यांवर (नाडीचे ठोके मोजणाऱ्या पट्ट्यांवर) धडधड सारखीच होती. एक पळाली, एक थांबली. आणि सत्कार पळालेलीचा आहे. हे कसं?"

शाल्मलीच्या हातातला कंगवा केसांतच राहिला. खटपट्या हा दुरुस्ती करणारा यंत्रमानव. त्याला टोमणे मारता येत नाहीत. जे दिसलं ते तो सरळ विचारतो, आणि तेच जास्त लागतं. समोर तिचे आबा बसले होते. ते आमच्या चंद्रवसाहतीतले मेंदूशास्त्रज्ञ. त्यांनी चष्म्यावरून नातीकडे पाहिलं, तशी तिने मान खाली घातली.

आमच्या वसाहतीला सत्काराची भारी हौस. कुणी गळका नळ बंद केला तरी शाल आणि नारळ ठरलेले. पण चंद्रावर नारळ आणायचा कुठून? म्हणून पृथ्वीवरून आलेला एकच नारळ जपून ठेवला आहे. आत खोबरं सुटून तो खुळखुळतो. फोटो काढून झाला की तो परत द्यायचा. आज संध्याकाळी तो शाल्मलीला मिळणार होता, प्रसंगावधान राखून धोक्याची घंटा वाजवल्याबद्दल.

"खरं काय झालं?" आबांनी विचारलं.

"मी घंटा वाजवलीच नाही, आबा. मी दाराकडे पळाले आणि माझा खांदा घंटेच्या बटणावर आपटला. केतकी आतच राहिली. तिने रोपांचा ट्रे भोकावर दाबून धरला." शाल्मलीचे कान लाजेने तापले होते. "नंतर सगळे मलाच शाबास म्हणाले. मी गप्प बसले. तिचा हात सुजलाय. मी आता तिच्याकडे बघतही नाही."

"बाहेर हवा नाही," खटपट्या म्हणाला. "त्यामुळे आतल्या हवेचा दाब (हवा सगळीकडे ढकलते तो जोर) हवेला भोकातून बाहेर काढतो. ट्रेच्या कडेला फट होती. मी ठिगळ घेऊन पोहोचेपर्यंत केतकीने तिथे तळहात लावला होता. तो बाहेर ओढला जात होता, म्हणून सुजला."

"तू हे कुणाला सांगितलं नाहीस?" आबांनी त्याला विचारलं.

"मला कुणी विचारलं नाही."

आबा शाल्मलीकडे वळले. "आपल्या मेंदूत अमिग्डला (धोका ओळखणारा बदामाएवढा भाग) असतो. तो फार घाईचा. आपण विचार करायच्या आधीच तो पायांना सांगतो, पळा. म्हणून पळालीस त्याची लाज बाळगू नकोस."

शाल्मलीला जरा हलकं वाटलं.

"पण कपाळामागे मेंदूचा दुसरा भाग आहे, विचार करणारा. तो थोडा उशिरा येतो, पण येतो. केतकी घाबरली होतीच. तरी त्या भागाने ठरवलं की बाकीच्यांसाठी थांबायचं. हिरो म्हणतात ते अशा माणसाला."

"मग खटपट्या? तोही भोकाजवळ गेला होता," शाल्मली म्हणाली.

"माझ्यात भीतीच बसवलेली नाही," खटपट्या म्हणाला. "मी नुसता ठिगळ लावणारा."

"तुझाही तो विचार करणारा भाग आला असेल ना," आबा नातीला हळूच म्हणाले, "टाळ्या वाजल्या तेव्हा? पळणं तुझ्या हातात नव्हतं, शाल्मली. गप्प बसणं होतं."

तिला रडू फुटलं. आबांनी तिला रडू दिलं, समजूत काढायला गेले नाहीत.

संध्याकाळी सगळी वसाहत जमली. खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. शाल्मलीचे पाय पुन्हा दाराकडे ओढ घेत होते. समोर आई कौतुकाने बघत होती, आणि तेच सगळ्यात कठीण होतं.

"मी पळाले होते," ती म्हणाली. "घंटेला माझा खांदा लागला, एवढंच. थांबली ती केतकी. आणि हे मी इतके दिवस सांगितलं नाही."

आईने नजर खाली वळवली. शाल्मली मंचावरून उतरली आणि तिने नारळ केतकीच्या मांडीवर ठेवला. "तुझ्याकडे बघायची लाज वाटत होती मला."

"राग आला होता तुझा," केतकी म्हणाली. मग तिने बँडेज बांधलेला हात पुढे केला. "नारळ धर ना इकडून. मला एका हाताने जमत नाहीये. आणि उद्या मेथी पेरायला ये, तेही जमणार नाहीये."

"शाल्मलीची धडधड त्या दिवसाइतकीच आहे," खटपट्या आबांना म्हणाला. "पण या वेळी ती थांबली. कोडं सुटलं."

घुमटात आता नवी मेथी उगवली आहे. नारळ परत मागायला मात्र अजून कुणी गेलेलं नाही.