शून्य किलोमीटर

चंदनपूर नगरपरिषदेच्या वीजनियंत्रण कक्षात डॉ. रेवती इंगोले यांनी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. शहरात चार्जिंगची ठिकाणं अकरा आणि विजेवरच्या गाड्या दोन हजार. अकराही ठिकाणी रांगा, आणि रांगांत भांडणं. महिनाभरात त्या हटल्या नाहीत, तर सगळं काम बाहेरच्या कंपनीकडे जाणार होतं.

“इथला माणूस दिवसाला सरासरी चौदा किलोमीटर फिरतो,” त्या वीज अभियंता फिरोज पटेलना म्हणाल्या, “पण गाडी भरतो तीनशे किलोमीटरची. म्हणून हे गरजभारण. उद्या किती फिरणार ते आदल्या दिवशी सांगायचं. तेवढीच वीज मिळेल.”

“मॅडम, लोक बिनदिक्कत खोटं सांगतील.”

“त्यासाठी सत्यांक आहे. सांगितलेले किलोमीटर आणि प्रत्यक्ष धावलेले किलोमीटर यंत्रणा ताडून पाहील. ज्याचा शब्द खरा, त्याचा नंबर आधी.”

पहिल्या आठवड्यात लोकांनी सवयीने शंभर-शंभर किलोमीटर सांगितले आणि त्यांचे सत्यांक धडाधड कोसळले. दुसऱ्या आठवड्यात वीजवापर कमी होण्याऐवजी दीडपट झाला. रेवतीबाई चक्रावल्या. संध्याकाळी फिरोजभाईंबरोबर बाहेर पडून पाहतात तर तलावाभोवती गाड्यांची जत्रा! त्यांनी प्रल्हाद जुमडे या चालकाची विजेवरची रिकामी रिक्षा थांबवली.

“कुठे निघालात?”

“कुठेच नाही, मॅडम. सत्तर सांगितले होते, बावीस उरलेत. शब्द खरा करतोय!”

रेवतीबाईंनी कपाळावर हात मारला. आपलं गणित लोकांना खरं वागायला लावत होतं, पण भलत्याच दिशेने.

“नियम बदलू या,” फिरोजभाई म्हणाले.

“आठवडाभर थांबू. उगाच गोल फिरायला माणूस किती दिवस तयार होईल?”

तो आठवडा त्यांनी धाकधुकीत काढला. लोक खरंच कंटाळले. आकडे उतरू लागले. साठ, तीस, दहा. चौथ्या आठवड्यात मात्र फिरोजभाई संतापून आत आले.

“फसवणूक चाललीय! तेराशे लोकांनी शून्य किलोमीटर सांगितलंय, आणि सगळे कामावर हजर!”

“जातात कसे?”

“शेजाऱ्याच्या गाडीत बसून. आज तू वीस सांग, मी शून्य, उद्या उलट. दोघांचेही सत्यांक शंभर!”

रेवतीबाईंनी कॅमेऱ्यांची चित्रं पाहिली. एकेका गाडीत चार-चार माणसं, डबे, हसणं-खिदळणं. अकरापैकी सात चार्जर मोकळे होते. त्या खुर्चीत मागे रेलून खो खो हसत सुटल्या.

“फिरोजभाई, शून्य ही खरी करायला सगळ्यात सोपी संख्या! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.”

तेवढ्यात मुख्याधिकारी पेढे घेऊन आले. काम शहराकडेच राहणार होतं. कौतुक होईतो सहा वाजले. सगळे गेल्यावर रेवतीबाईंनी पर्स उचलली.

“चला फिरोजभाई, तुमच्या गाडीतून सोडा मला. मी आजचं शून्य सांगितलंय.”

फिरोजभाईंचा चेहरा पडला. “मॅडम… मीही शून्यच सांगितलंय. म्हटलं, तुम्ही सोडाल.”

खाली दोघांच्या गाड्या कालपासून शेजारी-शेजारी उभ्या होत्या; सकाळी दोघंही शेजाऱ्यांच्या गाड्यांतून आले होते आणि ते शेजारी केव्हाच घरी गेले होते. दोन्हींत घरी पोहोचण्यापुरती वीज होती. दोघांनी गाड्यांकडे पाहिलं, मग एकमेकांकडे.

“घर किती लांब तुमचं?” रेवतीबाईंनी विचारलं.

“तीन किलोमीटर.”

“माझं चार,” असं म्हणून सत्यांकाच्या जननीने पदर खोचला आणि त्या फाटकाकडे चालू लागल्या.