पट्टी लावून पाडलेला ओरखडा

‘फुसबॉलच्या टेबलास पडलेला ताजा ओरखडा हा दुरुस्तीतील निष्काळजीपणाचा परिणाम असून, संबंधिताने रविवारी समक्ष येऊन तो दूर करावा.’

अमरावतीतल्या मुलींच्या एका वसतिगृहाच्या फलकावर हे निवेदन झळकत होते. खाली अधीक्षक प्रा. दामिनी यांची सही, सहीखाली शिक्का. शिक्का बसला की असत्यालाही बसायला खुर्ची मिळते.

संबंधित, म्हणजे अकोल्याचा गजेंद्र, ते वाचून मनाशी हसला. त्याचे कॅफे बंद पडले तेव्हा दांड्यांवरचे इवले खेळाडू फिरवून फुटबॉल खेळायचे हे वापरलेले टेबल त्याने वसतिगृहाला विकले होते. टेम्पोत दोर घासून कडा सोलल्या, खेळाडूंचे रंग उडाले. ‘वण दिसणार नाही असं करून देतो’ हा शब्द त्याने दिला आणि पाळलाही. त्यामुळे निष्काळजीपणाचा ओरखडा कसा असतो, हे त्याला नेमके ठाऊक होते. तो वेडावाकडा असतो. बांगडीचा, अंगठीचा, हरल्यावर आपटलेल्या किल्लीचा. हा मात्र सुतासारखा सरळ होता. डावीकडे दोन बोटे समास सोडून सुरू झालेला, उजवीकडे तितक्याच शिस्तीत थांबलेला. भांडणाऱ्या मुली समास सोडत नाहीत. पट्टी लावून रेघ मारणारी व्यक्ती या इमारतीत एकच होती, आणि ती कादंबरीतल्या आवडत्या ओळीखालीसुद्धा पट्टीच लावत असे.

हेतूही फाटकावरच टांगलेला होता : ‘दुरुस्तीच्या कामाखेरीज पुरुषांस प्रवेश नाही.’ हातात पाना दिसला की पुरुष निरुपद्रवी होतो, असे वसतिगृह समितीचे संशोधन असावे. फाटकाबाहेर मुलींच्या मागे फिरणाऱ्या मोटारसायकलींची दुरुस्ती मात्र समितीच्या विषयपत्रिकेवर कधी आली नव्हती.

तो दुरुस्तीला पहिल्यांदा आला त्या रविवारी दामिनी स्वतःच फाटकात आडवी उभी होती.

“ओळखपत्र?”

गडबडीत गजेंद्रने खिशातून निघाले ते पुढे केले – एक लाल, चेहरा खरवडलेला इवलासा खेळाडू.

“याला तर चेहराच नाही.”

“म्हणूनच आलो ना, मॅडम…”

ती हसली नाही. पण हसू आवरताना तिच्या हनुवटीला पडलेली खळी त्याला दिसली; आणि त्या दिवशी त्याने गोलकीपरच्या चेहऱ्यावर एका केसाच्या ब्रशने काळा चष्मा काढला. अगदी तिच्यासारखा.

“हे नियमबाह्य आहे,” ती म्हणाली होती.

“पुसू काय?”

“…राहू द्या.”

मग टेबल जणू नाजूक प्रकृतीचे झाले. दर रविवारआधी कुठेतरी एक नवी रेष उमटे. गजेंद्र अकोल्याहून येई, मेणाची कांडी तापवून खाचेत भरी, पॉलिश पेपर फिरवी, रंगाला रंग मिळवी. ती समोर बसून पेपर तपासत असे. गठ्ठा संपत नसे.

आज खानावळीच्या माणिकबाई चहा ठेवता ठेवता थबकल्या. “काहून रे बाप्पा, टेबल सुधरवून राहिला का टेबलासंग संसार मांडून राहिला?”

त्या गेल्या. गजेंद्रने कांडी खाली ठेवली.

“मॅडम, उद्या मी नाशिकले चाललो. नोकरी लागली.”

तिचे लाल पेन थांबले. “अभिनंदन. आम्ही दुसरा कारागीर पाहू.”

“पाहा. पण त्याले खरं सांगा. हा ओरखडा ना दुरुस्तीतला, ना खेळातला.”

“आरोप पुराव्यानिशी करावा.”

“समास सोडला हाय डाव्या बाजूनं.”

तिचा हात नकळत टेबलावरच्या स्टीलच्या पट्टीकडे गेला… आणि अर्ध्यात अडकला. पट्टीच्या टोकाला कडेचा तपकिरी रंग अजून चिकटलेला होता.

“मी खोटं बोलून राहिलो, असं म्हणा फक्त,” तो हळू आवाजात म्हणाला. “मुकाट्यानं मेण भरतो अन् जातो. पुन्हा या फाटकावर दिसणार नाही.”

दामिनीने चष्मा काढून गोलकीपरशेजारी ठेवला. आजवर ती त्याच्याशी छापील मराठीतच बोलली होती. पण कबुली द्यायची वेळ आली तेव्हा तिची तेल्हाऱ्याच्या घरची वऱ्हाडी बोली आपसूक जिभेवर आली. आरोपीचे निवेदन शब्दशः असे :

“हो, मीनंच पाडला. पट्टी लावून, पुऱ्या शुद्धीवर पाडला. बाहेर भेटा म्हणायले जीभ रेटत नव्हती, अन् आत यायले समितीनं तुमाले दुसरं दारच ठेवलं नाही, त मी काय करू? जा नाशिकले. पण दिवाळीत याल तवा फाटकावर दुरुस्ती म्हणून सांगू नका. अधीक्षकबाईले मागणी घालायले आलो, असं सांगा.”